खाली थांबणाऱ्याची सही

बारक्या हे नाव त्याला तिसऱ्या वर्षी पडलं आणि बावन्नाव्या वर्षीही ते सुटलं नव्हतं. ठेवलं होतं थोरल्या बहिणीनं. तेव्हा तो खरोखरच मुठीएवढा होता. आता उंची सहा फुटांना एक बोट कमी, आणि खांदे असे की अरुंद जिन्यात तिरकं होऊन चढावं लागे. "बारक्या येतोय कामाला," असं फोनवर ऐकलेली गिऱ्हाइकं एखाद्या काटकुळ्या माणसाची वाट बघत बसायची. दारात हा उभा राहिला की आधी त्याच्याकडे आणि मग काळजीनं आपल्या छपराकडे पाहायची.

"पेलेल ना हो?" एका आजीबाईंनी विचारलं होतं.

"छप्पर पेलेल, आजी. शिडीचं मला सांगता येत नाही."

त्याचं काम छपरांवरचं होतं. जिथे जमिनीतून केबल पोचत नाही तिथे इंटरनेट हवेतून आणायचं. त्यासाठी घरावर एक उंच पाइप उभा करायचा, त्याच्या टोकाला अँटेना बसवायचा, आणि त्याचं तोंड दूरच्या टॉवरकडे केसभरही न चुकता वळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लोखंडाचा पाइप, वारा आणि विजेची तार ही तीन माणसं एका ठिकाणी जमली की काय होतं, ते बारक्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून त्याच्या कामाची सुरुवात नेहमी दोरीपासून व्हायची. पाइप वीस फुटी असेल तर तो चाळीस फुटांची दोरी काढायचा. पाइपाच्या जागी तिचं एक टोक विटेखाली दाबायचा आणि दुसरं टोक हातात धरून विजेच्या तारांच्या दिशेनं चालत जायचा. दोरी संपायच्या आत डोक्यावर तार आली की काम बंद. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी बंद. मग दुसरी जागा शोधायची, नाही सापडली तर नमस्कार करून निघायचं. झाडांची पानं नुसती सळसळत असतील तर ठीक, पण फांद्या हलायला लागल्या की तो वर जात नसे.

"अहो, एवढासा तर ढग आहे," लोक म्हणायचे.

"एवढासाच पुरतो," तो म्हणायचा आणि गाडीत जाऊन बसायचा.

वर गेला की पट्ट्याचा आकडा आधी अडकवायचा, मग हात सोडायचा. पाइपापासून तांब्याची जाड तार जमिनीत खोल उतरवायचा, म्हणजे आभाळातली वीज आलीच तर तिला घरात शिरण्यापेक्षा मातीत जाणं सोपं व्हावं. केबल भिंतीत घुसण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून ठिबकून जातं, घरात येत नाही. कामावर असताना हा माणूस एखाद्या नव्या सासुरवाशिणीसारखा जपून वागायचा.

कंपनीच्या छापील पुस्तिकेत एकूण बावीस नियम होते. बारक्या त्यातले एकवीस पाळायचा. राहिलेला एक असा होता: हे काम एकट्यानं कधीही करू नये.

तो चार वर्षं एकटाच जात होता.

अँटेना वळवताना खरं तर खाली एक माणूस लागतो. वरचा विचारतो, "आलं का?" आणि खालचा यंत्रावरचे आकडे बघून सांगतो, "आलं," किंवा "गेलं," किंवा "अजून जरा उजवीकडे घे." बारक्यानं ते यंत्र मनगटाला बांधून घेतलं होतं. पण तोंडाची सवय जाईना. तो वरून विचारायचा, "आलं का?" आणि थोडं थांबून, जरा खालच्या पट्टीत, स्वतःच उत्तर द्यायचा, "आलं." कधी "नाही हो, गेलं," असंही म्हणायचा. आजूबाजूच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका माना वर करून बघायच्या, आणि वर एकटाच माणूस दिसला की पुन्हा कपडे झटकायला लागायच्या. एका छपरावरून अशी दोन-तीनशे घरं दिसतात. कुणी झाडांना पाणी घालतंय, कुणी खिडकीत बसून पायाची नखं कापतंय. बारक्या सगळ्यांना बघायचा. त्याला मात्र कुणी बघत नसे. संध्याकाळी तो खोलीवर यायचा, बूट दाराशी शेजारी शेजारी लावायचा, एका ताटलीत जेवायचा आणि तीच धुऊन पालथी घालायचा. दुसरी ताटली होती, पण ती वापरायची वेळ येत नसे.

कामं वाटणाऱ्या ऑफिसातल्या बाई रोज सकाळी फोनवर विचारायच्या, "जोडीदार आहे ना बरोबर?"

"आहे ना."

"कधी आवाज ऐकला नाही हो त्यांचा."

"स्वभाव आहे," बारक्या म्हणायचा.

काम सुरू करण्याआधी एक तक्ता भरावा लागे. तारेचं अंतर, वारा, पट्टा, शिडी, सगळ्यावर खुणा करायच्या. तळाशी तीन सह्या: वर चढणाऱ्याची, खाली थांबणाऱ्याची आणि घरमालकाची. बारक्या तो सकाळीच गाडीत बसून भरायचा. पहिली सही आपली करायचा. दुसऱ्या ओळीत तो भाऊजींची सही करायचा.

भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. दोघांनी मिळून एकोणीस वर्षं हे काम केलं होतं. बारक्या वर, भाऊजी खाली. बारक्याचं लग्न जमलं नाही आणि पुढे वयही निघून गेलं, त्यामुळे ताईचं घर तेच त्याचं घर होतं. रविवारी जेवण तिथेच. भाऊजी ठेंगणे, बळकट आणि बोलके. आपल्या हातून आजवर एकही पाइप पडला नाही, याचा दोघांना भारी अभिमान. पाइप पडला की तो वाकतो, अँटेना फुटतो, खालची कौलं जातात. म्हणून पाइप जरा कलला की बारक्या वरून ओरडायचा, "धरा, भाऊजी, धरा!" आणि भाऊजी पाय रोवून असा काही धरायचे की पाइप मुकाट्यानं सरळ व्हायचा. पुस्तिकेत याच्या नेमकं उलटं लिहिलेलं होतं. पाइप कलू लागला तर तो सोडून द्यावा आणि दूर व्हावं. ते वाचून भाऊजी हसले होते. "लिहिणाऱ्यानं आयुष्यात पाइप उचललाय का? म्हणे सोडून द्यावा!"

चार वर्षांपूर्वी एका बर्फाच्या कारखान्यावर ते तीस फुटी पाइप उभा करत होते. तारेचं अंतर दोघांनी नजरेनंच मोजलं होतं. बारक्या पाण्याच्या टाकीवर उभा राहून दोरीनं पाइप ओढत होता. भाऊजी छपरावर, पाइपाचा पाय दोन्ही हातांत कवटाळून. एकाएकी वारा आला आणि पाइप रस्त्याच्या बाजूला, तारांकडे झुकला. भाऊजींनी मान वर करून बारक्याकडे पाहिलं. त्यांच्याजवळ एक क्षण होता, कदाचित दीड. आणि बारक्या ओरडला, "धरा, भाऊजी, धरा!"

त्यांनी धरला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नक्की काय झालं?"

"वारा आला," बारक्या म्हणाला. ते खोटं नव्हतं.

खालच्या यंत्रांच्या आवाजात त्याची हाक कुणी ऐकली नव्हती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई कोरड्या डोळ्यांनी एकच वाक्य सांगायची, "एका पाइपापायी गेले हो. हातातला पाइप सोडवला नाही त्यांना." दाराशी उभा राहून बारक्या ते ऐकायचा. तेरा दिवसांत त्यानं ते वाक्य पन्नास वेळा ऐकलं असेल आणि पन्नास वेळा त्याचं तोंड उघडून मिटलं. मग त्यानं तिकडे जाणंच बंद केलं. ताईला खरं सांगावं तर जगात आपलं म्हणावं असं एकच दार, तेही बंद होणार. न सांगता तिच्या ताटात जेवावं, तर घास खाली उतरत नव्हता. त्यानं जुनी कंपनी सोडली, नवी धरली, आणि पाइपाच्या पायाशी पुन्हा कुणाला उभं केलं नाही.

अशात एके दिवशी ऑफिसातून आलेल्या कामावर ताईचा पत्ता दिसला.

त्यानं ते काम परत पाठवलं. आठवड्यानं ते पुन्हा आलं. त्यानं पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्यांदा बाईंचा फोन आला. "त्या तुमचंच नाव घेतायत. दुसरा कोणी आला तर दार उघडणार नाही म्हणाल्या. काय केलंयत तुम्ही त्यांचं?"

मंगळवारी सकाळी साडेनऊला तो ताईच्या दारात उभा होता. घर तसंच, बैठं, मागे छोटं अंगण असलेलं. बदललं होतं ते घराच्या पाठीमागचं आभाळ. तिथे दहा मजल्यांची एक नवी इमारत उभी राहिली होती आणि तिनं ताईच्या घरातलं सगळं नेटवर्क गिळून टाकलं होतं.

ताई पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. कपडे दुरुस्त करायचं काम ती पूर्वीपासून करायची. पँटचे पाय आखूड कर, चेन बदल, कॉलर उलटी कर. दोरा दातांनी तोडून तिनं मान वर केली. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"आलास होय? मला वाटलं, अँटेना पोस्टानं पाठवशील."

"कामं होती, ताई."

"चार वर्षं? चंद्रावर पाइप बसवत होतास की काय?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. बसायला तिनं सांगितलं नाही, आणि तो बसलाही नाही.

"लेकीशी बोलायला मला बसस्टॉपवर जाऊन उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "ती तिकडे परदेशात, मी इकडे स्टॉपवर. तिची दाढ दुखते हे आता तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. परवा एक गृहस्थ विचारत होते, काढली का हो शेवटी?"

बारक्याला हसू आलं आणि ते त्यानं आवरलं. मागच्या अंगणात जाऊन त्यानं दोरी काढली. पाइप वीस फुटी लागणार होता. पाय अंगणात जमिनीवर, वर भिंतीला दोन पकडी, आणि टोक छपराच्या बरंच वर. विजेच्या तारा घरापुढच्या गल्लीत होत्या. चाळीस फुटांची दोरी संपली, तरी तारा पंधरा पावलं लांब होत्या. त्यानं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"दिसतंय की लांब आहे ते," मागच्या दारातून ताई म्हणाली.

"दिसण्यावर नाही जात मी."

मग त्यानं सहीसाठी तक्ता तिच्या हातात दिला. न वाचता सही करणाऱ्यांतली ती नव्हती. गिऱ्हाइकाचं मापसुद्धा ती दोनदा वाचून दाखवायची. मशीनवर कागद पसरून, बोट ठेवून, ती एकेक ओळ वाचत खाली आली. तळाशी आल्यावर तिचं बोट थांबलं, आणि त्याच क्षणी बारक्याच्या लक्षात आलं. आज इकडे यायच्या धास्तीत, गाडीत बसून, हातानं रोजच्यासारखं आपलं काम करून टाकलं होतं.

"ही कुणाची?" ताईनं विचारलं.

तो तक्ता परत घ्यायला पुढे झाला.

"मी विचारतेय. ही सही कुणाची आहे?"

सुरुवातीला आकड्यासारखं वळलेलं मोठं अक्षर, मग एक लाट, आणि खाली दोन टिंबं. घराच्या कागदांवर, लेकीच्या प्रगतिपुस्तकांवर, एकोणतीस वर्षं तिनं ती पाहिली होती. शेजारी आजची तारीख होती.

"मी करतो," बारक्या म्हणाला. "दोन माणसांच्या सह्या लागतात. मी एकटाच जातो. म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ताईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे हे अजून कामाला जातात," ती म्हणाली. "बरं आहे. मलाच पत्ता नाही."

मशीनच्या खणातून तिनं पेन काढलं. त्या सहीवर एक आडवी रेघ मारली, कापडावर खडूनं मारावी तशी सरळ, आणि वर स्वतःची सही केली.

"आज खाली मी थांबते."

"नको, ताई."

"का नको? पाय धरून उभं राहायचं ना? या अंगणात तुम्ही दोघं पाइप घेऊन नाचायचात, तेव्हा मी काय डोळे मिटून बसायचे?"

"उद्या कुणाला तरी घेऊन येतो मी."

"चार वर्षांत एक माणूस सापडला नाही तुला. उद्या कुठून उगवणार?"

ती बाह्या वर सारून अंगणात उतरली. त्यानं तिला जाडे हातमोजे दिले, डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला. इतक्या जवळून त्यानं तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. कानशिलाजवळचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

"कशी दिसते?"

"चंद्रावर निघाल्यासारखी."

"मग तिथे तरी भेटशील," ती म्हणाली.

पाइप अंगणात आडवा पडला होता. बारक्यानं तिला सगळं दाखवलं. तो वरून दोरीनं ओढणार. तिनं फक्त पाय जागेवरून सरकू द्यायचा नाही. नजर वर नाही, पायाकडे. मग तो थांबला. पुढचं वाक्य पुस्तिकेत होतं आणि ते सांगितल्याशिवाय तिला पाइपाला हात लावू देणं शक्य नव्हतं.

"पाइप कलला, तर सोडून द्यायचा," तो म्हणाला. "लगेच. आणि मागे पळायचं. मोडू दे, छप्पर फुटू दे, काहीही होऊ दे. आणि ताई, मी वरून काहीही ओरडलो तरी ऐकायचं नाही."

"म्हणजे? तू काय ओरडणार आहेस?"

अंगणात कपड्यांच्या तारेवर दुसऱ्यांच्या पँटी उलट्या लटकत होत्या. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. बारक्यानं हातातली दोरी गुंडाळली, उलगडली.

"मी धरा म्हणालो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, ताई. सोडायचा की नाही, हे विचारायलाच पाहिलं होतं. आणि मी ओरडलो, धरा, भाऊजी, धरा. म्हणून त्यांनी धरला."

पलीकडचं यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. ताई हेल्मेट घालून तशीच उभी होती. तिनं ते काढायचा प्रयत्न केला, पण हातमोज्यांमुळे पट्टा सुटेना. त्यानं हात पुढे केला, तशी ती मागे सरली.

"म्हणजे त्यांनी तुझं ऐकलं," ती म्हणाली.

"हो."

"त्यांना सोडवला नाही असं नाही."

"नाही."

"चार वर्षं मी त्या माणसाशी भांडतेय." तिचा आवाज अगदी साधा होता, हिशेब सांगावा तसा. "रोज सकाळी. डोळे उघडले की पहिलं हेच. एका पाइपापायी मला टाकून गेलात, लाज नाही वाटली? तो पाइप जास्त होता का माझ्यापेक्षा? त्यांचा फोटो मी कपाटात पालथा घालून ठेवलाय, बारक्या. लेक विचारते, तर म्हणते, काच फुटलीय."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

बारक्या अंगणाच्या पायरीवर बसला. आतून काही आवाज येत नव्हता. नळाचा नाही, मशीनचा नाही. आपण सामान गाडीत भरावं का? पण सामान भरायचं म्हणजे घरातूनच जायला हवं, आणि दार लावलेलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं हे वाक्य किती छपरांवर मनात म्हणून पाहिलं होतं! प्रत्येक वेळी पुढे ताई रडायची, किंवा ओरडायची, किंवा हात उगारायची. ती उठून आत जाईल आणि इतकी शांतता होईल, हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

वीस-बावीस मिनिटांनी कडी वाजली. ताई बाहेर आली. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. डोळे लाल होते, पण चेहरा मापं घेताना असतो तसा.

"पाइप अर्धा उभा कर," ती म्हणाली. "भिंतीला टेकव."

त्यानं टेकवला.

"आता मी पाय धरते. तू वर जा."

"ताई, आज राहू दे."

"वर जा म्हटलं ना."

तो फायबरच्या शिडीनं छपरावर चढला, आकडा अडकवला, दोरी हातात घेतली. दोरी ताणलेली होती, पाइप भिंतीला टेकलेला, पडायचा प्रश्नच नव्हता. ताईनं पाय दोन्ही हातांत धरला. आणि काही न सांगता, एकदम, सगळ्या ताकदीनं तिनं तो बाजूला हिसडला. पाइपाचं टोक भिंतीवर खरवडत सरकलं.

"धर!" बारक्या ओरडला.

ओरडून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. तो छपरावर खाली बसला.

ताई मान वर करून बघत होती. "तोंडाला बसलंय तुझ्या," ती म्हणाली. "तुला विचारून येतच नाही ते."

"मी नाही करत हे काम. दुसऱ्याला पाठवतो."

"ऊठ. पुन्हा."

तिनं पुन्हा पाइप हिसडला. पुन्हा त्याच्या तोंडून अर्धं "ध" निघालं. तिसऱ्यांदा तो गप्पच राहिला. "गप्प नाही चालणार," ती म्हणाली. "गप्प बसलास तरी माणूस मरतो." चौथ्यांदा तो म्हणाला, "सोड, ताई."

"ताई नको. पुढे काही नको. एकच शब्द."

तिनं पाइप हिसडला. तो ओरडला, "सोड!" तिनं हात झटकले आणि चार पावलं मागे गेली. पाइप भिंतीवर आपटून दोरीवर लोंबकळला. त्याला जरा पोचा आला. बारक्याच्या हातून पाइपाला आलेला तो पहिलाच पोचा. ती परत आली, पाय धरला, हिसडला. "सोड!" पुन्हा. "सोड!" शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. "काय चाललंय हो?"

"शिकवणी," ताई म्हणाली. "मंद आहे, वेळ लागेल."

मग मध्येच ती पाइप न हिसडता नुसती उभी राही, गप्पा मारल्यासारखं काहीतरी विचारी, आणि तो उत्तर देत असताना हिसका देई. ती मोजत होती. विसाव्या वेळेला तिनं हातमोजे एकमेकांवर झटकले. "आता कर उभा."

पाइप उभा राहायला चार मिनिटं लागली. तो कलला नाही. बारक्यानं वरच्या पकडी आवळल्या, तणावे तिन्ही बाजूंना ओढले, तांब्याची तार खाली सोडली. ती जमिनीत कुठे पुरायची ते त्यानं वरून दाखवलं, आणि तिनं तिथे खूण म्हणून वीट ठेवली. अँटेना वळवताना त्यानं यंत्र मनगटाला न बांधता दोरीनं खाली सोडलं.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"गेलं. आधी बरं होतं."

"आता?"

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "आलं."

खाली उतरून त्यानं विटेच्या जागी तांब्याची तार खोल पुरली, केबलला झोळ दिला, ती भिंतीतून आत घेतली आणि मशीनच्या वरच्या फळीवर छोटा डबा बसवला. त्यावर एकेक करून चार हिरवे दिवे लागले. दुपारचा सव्वा वाजला होता. ताईनं फोन लावला. दोनदा वाजल्याबरोबर पडद्यावर भाची दिसली, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"आई! तू घरात आहेस? अगं, मागे आपली भिंत दिसतेय!"

"दिसतेय ना? मामा आलाय. त्यानं बसवला."

"मामा? कुठे आहे? दाखव, दाखव!"

बारक्या मागच्या दारात अवजारं गोळा करत होता. त्याला वाटलं होतं, ताई आपल्याला आता निमूट जाऊ देईल. तेवढ्यावर त्याची तयारी झाली होती. ताईनं फोन मशीनवर, पँटच्या गठ्ठ्याला टेकवून उभा ठेवला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर सरकवली.

"मला सांगितलंस ते हिला सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "तिचे वडील आहेत. मी तिला चार वर्षं चुकीचं सांगितलंय, पण ते बरोबर करायचं काम माझं नाही."

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"मामा! किती वर्षांनी रे!" भाची म्हणाली. "असा काय बसलायस, डोक्यावरचं ते हेल्मेट तरी काढ!"

त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग त्यानं तिला सांगितलं. वाऱ्यापासून सुरुवात केली नाही, स्वतःच्या ओरडण्यापासून केली. एक जोड टेपनं गुंडाळायला लागतो, तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

पडद्यावर भाची टॉवेल हातात धरून बसली होती. बोलत नव्हती. हलतही नव्हती. बारक्यानं दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. चित्र अडकलं असावं, असं त्याला वाटलं. पहिल्या दिवशी होतं असं कधी कधी. एखादा जोड सैल राहतो, पकड जराशी फिरते. तो उठला आणि फळीवरच्या डब्याजवळ जाऊन पाहिलं.

चारही दिवे हिरवे होते. नेटवर्क अगदी व्यवस्थित होतं. तो परत येऊन खुर्चीवर बसला आणि तिच्या बोलण्याची वाट बघू लागला.